चमकणारी काचपट्टी टिकवायची कशी?

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात तयार काचपट्ट्यांची एक लाकडी पेटी असते. त्यातल्या कित्येक आपल्या नोकरीपेक्षा जुन्या असतात आणि तरी कांद्याच्या मुळाच्या पेशी आजही लालचुटूक दिसतात. त्यामुळे मुलांचा समज होतो की काचपट्टी एकदा नीट बनवली की ती कायमची. मग हीच मुलं बारावीनंतर जीवशास्त्राकडे जातात, फ्लुरोसंट रंग दिलेला नमुना पहिल्यांदा बघतात, मैत्रिणीला हाक मारतात, आणि ती येईपर्यंत तिथे नुसता काळोख! काचपट्टी बिघडलेली नसते. ती बघूनच संपवलेली असते.

असं का होतं ते आधी पाहू. सॅफ्रनिनसारखा साधा रंग काही प्रकाश शोषतो आणि उरलेला आपल्याला दिसतो. फ्लुरोसंट रंगाचं तसं नाही. तो एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या गुणाला नाव दिलं, तेही फ्लोरस्पार या खनिजावरून. उदाहरणार्थ, केंद्रक दाखवणारा डॅपी हा रंग डीएनएला चिकटतो, साधारण ३५८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश घेतो आणि ४६१ च्या आसपास निळा प्रकाश देतो. पण दर वेळी प्रकाश शोषताना रेणू उत्तेजित होतो आणि तेवढ्यात शेजारच्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होऊ शकते. एकदा रेणू असा मोडला की तो पुन्हा चमकत नाही. म्हणजे ज्या प्रकाशामुळे दिसतं, त्याच प्रकाशाने रंग उडतो.

हे घरातल्या कुणालाही पटवता येतं. गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला की आई काय करते? धुऊन कडक उन्हात टाकते. साबणाने न गेलेला हळदीचा डाग उन्हाने फिका होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात मोडतं. आणि कर्क्युमिन हा फ्लुरोसंट पदार्थच आहे. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळणकागदाची पट्टी त्यात बुडवून वाळवा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. मग अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली दोन्ही अर्ध्या भागांची चमक बघा. (टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही, हे वर्गात दोनदा सांगा.)

आता माउंटिंग. जुन्या पेटीतल्या काचपट्ट्या बहुधा अल्कोहोल आणि झायलीनमधून नेऊन डीपीएक्समध्ये बसवलेल्या असतात. फ्लुरोसंट नमुन्याला ही वाट अनेकदा मानवत नाही. जेलीफिशकडून मिळालेलं हिरवं प्रथिन, जीएफपी, अल्कोहोलने पाणी काढून घेतलं की मंद पडतं. म्हणून इथे आपलं ओळखीचं ग्लिसरीनच कामाला येतं.

ग्लिसरीन का? ते पटकन वाळत नाही, हे एक. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, ग्लिसरीनचा १.४७ आणि कव्हरस्लिपच्या काचेचा साधारण १.५२. माध्यम जितकं काचेच्या जवळचं, तितका प्रकाश कमी वाकतो आणि नमुन्यातून निघालेली अंधूक चमक भिंगापर्यंत जास्त पोचते. बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून दाखवा, ती जवळपास दिसेनाशी होते. दहावीच्या वर्गाला हा प्रयोग माझ्या मते पाठातल्या सगळ्या आकृत्यांपेक्षा जास्त शिकवून जातो.

नुसतं ग्लिसरीन मात्र पुरत नाही. त्यात रंग उडण्यापासून वाचवणारं द्रव्य घालतात. नऊ भाग ग्लिसरीन, एक भाग बफर आणि थोडं प्रोपिल गॅलेट ही प्रचलित कृती. प्रोपिल गॅलेट खाद्यतेल खवट होऊ नये म्हणूनही वापरतात. दोन्हीकडे काम एकच, ऑक्सिडीकरण रोखायचं. बफर हवा, कारण सामूवर रंगाची चमक ठरते. फ्लुरोसीन आम्लात मंदावतं, म्हणून माध्यमाचा सामू आठच्या थोडा वर ठेवतात. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तो रंगही सामूमुळेच बदलतो.

कव्हरस्लिप ठेवायची पद्धत आपली नेहमीचीच: एक कड टेकवायची आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणायची, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. जाडी मात्र बघून घ्यायची. भारी भिंगांवर ०.१७ असा आकडा कोरलेला असतो, तेवढ्या मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठीच ते भिंग घडवलेलं असतं. जादा द्रव टिपून कडेने नेलपॉलिश लावायचं, आधी चार कोपरे, मग कडा. ते पारदर्शकच हवं, कारण रंगीत पॉलिश स्वतःच चमकू शकतं. आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय काचपट्टी भिंगाखाली नेऊ नये, नाहीतर भिंग खराब होतं. जिवंत पेशी असतील तर पॉलिशमधला द्रावक त्यांना बाधतो. तिथे व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन समप्रमाणात वितळवून कडेला लावतात.

मग काचपट्टी आडवी ठेवून, पुठ्ठ्याच्या बंद घडीत, फ्रिजमध्ये ४ अंशांवर. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. नाव, रंग आणि तारीख पेन्सिलीने लिहायची, शाई स्पिरिटने पुसली जाते.

एवढा आटापिटा कशासाठी, असं पालक विचारतील. कल्पना करा, मुलीच्या प्रकल्पात दोन नमुने आहेत, औषध दिलेला आणि न दिलेला. न दिलेला तिने पाच मिनिटं न्याहाळला, मग फोटो काढला. दुसऱ्याचा फोटो मात्र लगेच काढला. दुसरा जास्त उजळ दिसला आणि तिने लिहिलं, औषधाने प्रथिन वाढलं. औषधाने काहीच केलेलं नसताना तो फरक नुसता बघण्याच्या वेळेचा असू शकतो. म्हणून जागा शोधायची ती साध्या प्रकाशात किंवा अगदी मंद उजेडात. फोटो आधी, न्याहाळणं नंतर. दोन्ही नमुन्यांना प्रकाश सारखाच, वेळ सारखाच. आणि नजर हटली की दिव्याची झडप बंद.