'सी' भाषेतील अंगभूत डेटा प्रकारांची पर्यायी नावे : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेल्या 'सी' या संगणकीय भाषेत 'इंट', 'लाँग' इत्यादी अंगभूत डेटा प्रकार आहेत. 'टाइपडेफ' या राखीव शब्दाच्या साहाय्याने त्यांना पर्यायी नाव देता येते. अशा नावाने नवा प्रकार निर्माण होत नाही. जुन्याच प्रकाराला दुसरी ओळख मिळते. मग या सुविधेचे प्रयोजन काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपयुक्तता :
'सी'च्या प्रमाणकानुसार 'लाँग' किमान ३२ बिटांचा असतो. काही संगणकांवर तो ६४ बिटांचाही असतो. युनिक्स प्रणालीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजली जाते व त्या संख्येच्या प्रकारास 'टाइम_टी' हे पर्यायी नाव आहे. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मावते. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. त्यानंतर संख्या ऋण होऊन अशा संगणकावर १९०१ सालची तारीख दिसू शकेल. पर्यायी नाव वापरलेले असल्यास केवळ त्याची व्याख्या ६४ बिटांची करून आज्ञावली पुन्हा कंपाइल करणे बहुतांशी पुरते. 'नेटबीएसडी'ने २०१२ मध्ये व 'ओपनबीएसडी'ने २०१४ मध्ये हा बदल केला.

मर्यादा :
१) आज्ञावलीकाराने 'टाइम_टी'ऐवजी थेट 'इंट' लिहिले असेल, तर व्याख्येतील बदल तेथे पोहोचत नाही.
२) फाइलच्या रचनेत वेळेसाठी चारच बाइट राखून ठेवल्या असतील, तर ती रचनाच बदलावी लागते.
३) 'रुपये' व 'पैसे' ही दोन्ही नावे 'लाँग'चीच असतील, तर त्यांची चुकीची बेरीज कंपायलर निमूटपणे स्वीकारतो. अशा ठिकाणी 'स्ट्रक्चर'चा वापर अधिक सुरक्षित ठरतो.

निष्कर्ष :
पर्यायी नाव हे आज्ञावलीकाराचा हेतू सांगते व बदलाची जागा एकत्र आणते; मात्र ते चुकीपासून संरक्षण देत नाही. त्याचा लाभ सर्वत्र सातत्याने वापर केला तरच मिळतो. म्हणून अध्यापनात 'टाइपडेफ'च्या व्याकरणाबरोबर ही शिस्तही विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवणे आवश्यक आहे.