चैत्रातलं भरलेलं घर आणि लाल विंचू

दरवर्षी चैत्राच्या सुमारास मुंबईचे डबेवाले पाच-सहा दिवस सुट्टी घेतात. तिकडे कचेऱ्यांमधली गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि इकडे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या गावांत घरं भरतात. ग्रामदैवताची यात्रा असते. पौडच्या पुढे धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कुठल्याही वस्तीत या दिवसांत डोकावलं, तर एरवी दोन म्हाताऱ्या माणसांचं असलेलं घर बारा-पंधरा जणांचं झालेलं दिसतं. मुंबईचा मुलगा आलेला असतो, हिंजवडीला नोकरी करणारा धाकटा आलेला असतो, लेकी-जावई येतात, आणि सगळ्यांची मिळून सहा-सात नातवंडं अंगणात धुडगूस घालत असतात.

यात्रेचे दोन दिवस पालखी, कुस्त्यांचा आखाडा आणि मटणाच्या रश्श्यात जातात. खरी मजा त्याच्या पुढच्या-मागच्या दिवसांत असते. डोंगरावर कुसुंबाला तांबडी पालवी फुटलेली असते, अंजनीची झुडपं निळ्या फुलांनी भरलेली असतात. करवंदं अजून हिरवी असतात, त्यामुळे ती लोणच्यात जातात. काळी करवंदं खायला वैशाख उजाडावा लागतो. कैरी मात्र तयार असते. ती दगडावर फोडायची, तिखट-मीठ लावायचं आणि दात आंबेपर्यंत खायची. खळ्यावर आजी आणि सुना कुरडया घालत असतात, आणि वाळवण राखायला बसवलेली पोरंच अर्ध्या ओल्या कुरडया फस्त करतात. या खाण्याबद्दल डॉक्टरांनी काही बोलावं असं त्यात काही नाही. उलट कैरी आणि करवंदासारख्या आंबट फळांतलं क जीवनसत्त्व जेवणातलं लोह अंगी लागायला मदत करतं. तेव्हा भाकरीबरोबर करवंदाचं ताजं लोणचं हा काही नुसता जिभेचा चोचला नाही.

रात्री घरात उकडतं आणि खाटा असतात दोनच. मग अंगणात नाहीतर ओटीवर ओळीने वाकळी अंथरल्या जातात. रेंज धड नसल्यामुळे मोबाइल मुकाट्याने बाजूला पडतात. आजोबा धरण होण्याआधीच्या गावाच्या, त्यांनी त्यांच्या आज्याकडून ऐकलेल्या गोष्टी सांगतात आणि शहरात अकरापर्यंत न झोपणारी पोरं नवाला डोळे मिटतात. औषध म्हणून चिठ्ठीवर लिहून द्यावी अशी ही झोप.

आणि विंचू दंशाचे रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात तेही याच दिवसांत.

हा योगायोग नाही. विंचू थंडीत सुस्त असतो. ऊन तापलं की त्याचे भक्ष्य असलेले किडे वाढतात आणि तोही रात्री बाहेर पडतो. दिवसा त्याला अंधारी, अरुंद सांदीची जागा लागते, आणि मुळशीतल्या घराभोवती अशा जागांना तोटा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला, तरीही धरण झालंच आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. माणसं वर डोंगराच्या उतारावर सरकली. तिथे दगडांचं जोतं, दगडांचे गडगे आणि वर कौलं अशी घरं उभी राहिली. विंचवाला याहून चांगला निवारा कुठला? त्यात पावसाळ्याआधीची सगळी कामं याच दोन-अडीच महिन्यांत येतात. सरपण रचायचं, गोवऱ्या आत आणायच्या, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा म्हणून शेण, पालापाचोळा आणि कवळं खाचरात पसरायची, घर शाकारायचं. या प्रत्येक कामात हात न दिसणाऱ्या जागी जातो. वर्षभर डोळे मिटून वावरणाऱ्या आजीला कुठल्या ढिगात काय असतं ते ठाऊक असतं. चार दिवसांसाठी आलेल्या नातवाला ते ठाऊक नसतं.

रात्री दहाच्या सुमारास एखादं मूल वाकळीत पाय सरकवतं आणि किंचाळतं. बत्ती लावेपर्यंत विंचू पसार झालेला असतो किंवा कुणाच्या तरी चपलेखाली चिरडलेला असतो. पुढच्या तासाभरात घर काय करतं, यावर बरंच काही ठरतं.

कुणी आघाड्याचं मूळ शोधायला निघतं, कुणी दोरीने पाय आवळतं, कुणी विंचू उतरवणाऱ्याला बोलवायला जातं. उतरवणाऱ्याचं नाव गावात चांगलं असतं, आणि त्याला कारणही आहे. बहुतेक विंचू दंशांत जागेवर भयंकर आग होण्यापलीकडे काही होत नाही. काही तासांत वेदना आपोआप ओसरते. ज्याच्या हातात त्या वेळी मूळ किंवा मंत्र असेल, श्रेय त्याला जातं. अडचण उरलेल्या थोड्या दंशांची आहे. त्यांत गेलेला तास परत मिळत नाही.

इथे दोन विंचवांतला फरक माहीत असलेला बरा. पावसाच्या तोंडावर दगडाखाली सापडणारी काळी इंगळी दिसायला अक्राळविक्राळ. तिच्या नांग्या खेकड्यासारख्या जाड असतात. ती चावली की ब्रह्मांड आठवतं, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचू मात्र लहानखुरा, विटकरी-तांबूस रंगाचा. त्याच्या नांग्या बारीक आणि शेपटी जाड. जाड नांगीवाल्याला भक्ष्य पकडायला ताकद पुरते, बारीक नांगीवाल्याची भिस्त विषावर असते. जो कमी भीतिदायक दिसतो तो जास्त घातक, हे मुलांना एकदा नीट सांगून ठेवावं. जाता जाता आणखी एक. विंचवाची पिल्लं आईला पोखरून खातात, ही समजूत खोटी आहे. मादी जिवंत पिल्लं घालते आणि ती पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर हे अक्षरशः खरं आहे, एवढंच.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतं. तंतू थांबायचं नाव न घेता संदेश पाठवत राहतात आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. वाघ समोर आल्यावर शरीर जे करतं तेच आता तासन्‌तास चालू राहतं. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. ते थकलं की फुप्फुसात पाणी साचतं, रुग्णाला धाप लागते, तोंडातून गुलाबी फेस येतो. लहान मुलाच्या अंगाच्या मानाने विषाचा डोस मोठा पडतो, म्हणून मुलांचा धोका अधिक.

सह्याद्रीच्या पलीकडे, ताम्हिणी उतरून माणगाव ओलांडलं की महाड लागतं. या विषावरचा उपाय तिथे सापडला. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत दगावत होती आणि पाठ्यपुस्तकांत त्याबद्दल कामाचं फारसं काही नव्हतं. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. घाम कधी सुटतो, उलटी कधी होते, हातपाय कधी गार पडतात, नाडी कशी बदलते. हृदय धोक्यात येण्याआधी दिसणारी ही लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. मूळ अडचण आकसलेल्या रक्तवाहिन्यांची आहे हे ध्यानात आल्यावर त्या सैल करणारी औषधं त्यांनी वापरून पाहिली. आधी शिरेतून द्यायचं नायट्रोप्रुसाइड, पण त्यावर सतत नजर ठेवावी लागे आणि खेड्यात ते जमणं अवघड. मग प्राझोसिन. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर विषबाधा झालेल्या चौघांत साधारण एक जण दगावत असे, ते प्रमाण प्राझोसिननंतर शंभरात एकाच्याही खाली आलं.

मोठ्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात नव्हे, तर जिथे दिवेही जात-येत होते अशा ठिकाणी, कागद-पेन्सिल आणि चिकाटी यांच्या जोरावर हे झालं. २०२२ मध्ये बावसकरांना पद्मश्री मिळाली. ती बरीच उशिरा मिळाली असं म्हणायला हरकत नाही.

पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलसही आली. ती नुसत्या प्राझोसिनपेक्षा किती उपयोगी, हे महाडलाच तपासलं गेलं. ७० रुग्णांच्या या चाचणीत प्राझोसिन आणि प्रतिलस दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी आठच जण तेवढ्या वेळात सावरले होते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०११ मध्ये हे छापलं. म्हणजे प्रतिलस असेल तर उत्तमच, पण ती नाही म्हणून प्राझोसिन थांबवायचं नाही.

आता त्या वाकळीतल्या मुलाकडे परत येऊ. वेदना किती आहे, यावरून विषबाधा ठरत नाही. मूल आकांत करून रडतंय, पण अंग कोरडं आणि हातपाय गरम आहेत, तर बर्फाचा शेक आणि वेदनाशामक औषध बहुधा पुरतं. मूल शांत पडलंय, पण घामाने कपडे भिजलेत, उलटी झाली, तोंडातून लाळ गळतेय, हातपाय गार पडलेत, मुलग्याचं लिंग ताठर झालंय, यांपैकी काहीही दिसलं तर ते विष अंगात भिनल्याचं लक्षण. मूल गप्प झालं म्हणून विंचू उतरला असं समजण्यात अनेक घरं फसली आहेत. ही लक्षणं अर्ध्या तासातही दिसू शकतात आणि काही तासांनीही. म्हणून विंचू लाल होता असा नुसता संशय असला किंवा तो दिसलाच नसला, तरी मुलाला आरोग्य केंद्रात नेऊन पूर्ण दिवसभर देखरेखीखाली ठेवणं योग्य. दोरी आवळायची नाही, जागा कापायची नाही, चोखायची नाही, मेलेला विंचू चेचून लावायचा नाही. मेलेला असेल तर डबीत घालून सोबत न्यावा, जिवंत असेल तर त्याच्या मागे लागू नये.

धरणाच्या पलीकडच्या अंगाच्या वाड्यांपासून पौडचं ग्रामीण रुग्णालय लांब आहे, रस्ता वळणाचा आणि रात्री सुनसान. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते, पण ती फोन केल्यावरच निघते, आणि डोंगराआड फोन लागायला कधी कधी गावाबाहेरच्या टेकाडावर जावं लागतं. ते टेकाड कुठलं, रात्री कुणाची जीप मिळू शकते, जवळच्या आरोग्य केंद्रात रात्री कोण असतं, या चौकशा यात्रेला आल्या-आल्या पाहुण्या बापाने करून ठेवाव्यात. एरवी या चौकशा होतात त्या मूल मांडीवर घेऊन.

एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. प्राझोसिन दिल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि रुग्ण उठून बसला तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. मूल रडायला लागलं की आईला ते उचलून कडेवर घ्यावंसं वाटणारच. नर्सबाई ओरडतात त्या याच कारणाने. आईने शेजारी आडवं व्हावं, पण मूल उचलू नये. हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत दर तीन तासांनी डॉक्टर गोळी पुन्हा देतात. लक्षणं नसताना नुसत्या आगीवर ही गोळी द्यायची नसते, आणि घरात आणून ठेवून आपल्या मनाने तर नाहीच.

मग अंगणात झोपायचं नाही का? तसं करायला कुणी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण! अंथरूण घालण्याआधी वाकळ झटकावी आणि भिंतीपासून हातभर सोडून घालावं. लहानांना खाट द्यावी, मोठ्यांनी खाली झोपावं; पाहुणचारात हे नेमकं उलटं होतं. मच्छरदाणीचे काठ अंथरुणाखाली खोचले की कौलातून पडणारा विंचूही अडतो आणि डासही. सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग झोपायच्या जागेपासून लांब रचावा. राबाला, कौलांना, दगडांना हात घालताना आधी काठीने हलवावं. सकाळी चप्पल झटकून घालावी.

आणि एक खेळणं पाठीशी असू द्यावं. नोटा तपासायला वापरतात तसा अतिनील किरणांचा छोटा टॉर्च ऑनलाइन सहज मिळतो. विंचवाच्या कवचातली काही द्रव्यं या किरणांत हिरवट-निळी चमकतात. नुकतीच कात टाकलेला विंचू तेवढा चमकत नाही, म्हणजे टॉर्चवर पूर्ण भरवसा नको. पण रात्री जेवणं झाल्यावर बूट घालून, आजोबांचा हात धरून गडग्याच्या कडेकडेने चालावं. टॉर्चचा जांभळा उजेड दगडांवरून फिरतो आणि मधल्या एका फटीत अचानक हिरवा दिवा पेटल्यासारखं होतं. पोरं श्वास रोखून तीन पावलं मागे उभी राहतात, आणि मग दुसऱ्या दिवशी त्या गडग्याजवळ वाकळ घालायला कुणीच तयार होत नाही.