गाडीचाही सातबारा असतो

अंबड-घनसावंगीकडचा शेतकरी वीस गुंठे जमीन घ्यायची म्हटली तरी आधी सातबारा काढतो. ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतो. सोसायटीचा बोजा आहे का, बँकेचा आहे का, कुणा बहिणीचे नाव राहून गेले आहे का? बोजा दिसला तर विकणाऱ्याला सरळ सांगतो, ‘आधी बेबाकी दाखला आणा, फेरफार करून घ्या, मग इसाराचे बोलू.’ यात समोरचा सख्खा मामा असला तरी फरक पडत नाही.

तोच माणूस कापसाचे किंवा मोसंबीचे पैसे हाती आले की जालन्याला येतो आणि चार लाखांची जुनी जीप अर्ध्या तासात ठरवून जातो. टायर बघतो, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, दार दोनदा आपटून पाहतो, ओळखीचा मिस्त्रीही बरोबर नेतो. पण गाडीच्या कागदावरचा ‘इतर हक्क’ मात्र वाचत नाही. तसा रकाना तिथेही असतो, हेच अनेकांना ठाऊक नसते.

आपल्याकडच्या बँकांच्या जुन्या कागदपत्रांत एक नेमका शब्द आहे : नजरगहाण. ताबेगहाणात वस्तू सावकाराकडे जाते. नजरगहाणात वस्तू कर्जदाराकडेच राहते, सावकाराची तिच्यावर फक्त नजर असते. सोने पतसंस्थेत ठेवले की ते तिजोरीत जाते, म्हणून गहाण पडलेली पोत कोणी दुसऱ्याला विकू शकत नाही. कर्जावरची गाडी मात्र दारात उभी असते, किल्ली मालकाच्या खिशात असते आणि बघणाऱ्याला ती मोकळीच वाटते.

आता असे घर डोळ्यांसमोर आणा. मुलाला धंद्याला लावायचे म्हणून बापाने साठवलेले दोन लाख काढले, आईने पोत पतसंस्थेत ठेवून आणखी दीड आणले. बाँडपेपरवर नोटरी झाली, पेढे वाटले गेले. पाचव्या महिन्यात फायनान्स कंपनीची माणसे नंबर शोधत आली आणि आधीच्या मालकाचे सात हप्ते थकल्याचे सांगून गाडी यार्डात घेऊन गेली. नोटरीचा कागद दाखवला, पण त्या कागदाने कंपनीचा हक्क जात नाही. गाडी गेली, पतसंस्थेचे व्याज मात्र चालूच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली वसुलीसाठी गुंड धाडणाऱ्या बँकांना खडसावले होते, हे खरे. दमदाटी करून, रस्त्यात अडवून गाडी ओढून नेता येत नाही. पण करारानुसार रीतसर नोटीस देऊन ताबा घेण्याचा त्यांचा हक्क त्याने संपत नाही. घेणाऱ्याच्या हाती उरते ती विकणाऱ्याविरुद्धची फसवणुकीची तक्रार. पूर्वीचे ‘चारसोबीस’ 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 318 झाले आहे. कलम बदलले म्हणून पैसे लवकर परत मिळतात असे नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 51 प्रमाणे कर्ज देणाऱ्याचे नाव आरसीवर चढते. आरटीओच्या आवारात याला ‘एचपी चढवणे’ म्हणतात. ते नाव असेपर्यंत त्या बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणून मूळ आरसी हातात घ्या, झेरॉक्सवर भागवू नका. चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. मग तोच नंबर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर घाला. मालकाचे नाव तिथे अर्धेमुर्धे दिसते, पण कर्जाची नोंद कळते. कागद कोरा आणि संगणकावर बँकेचे नाव, असे दिसले तर तिथेच थांबा. एमएच-21 ची गाडी असेल तर जालन्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, बाहेरच्या पासिंगची असेल तर तिथल्या कार्यालयात चौकशी करावी. मालकाला बरोबर घेऊन गेलेले बरे. येण्याची टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावे.

खासगी सावकाराकडून गाडीवर उचललेले पैसे मात्र आरटीओत दिसत नाहीत. तिथे गावातली चौकशीच कामाला येते.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे ‘राहिलेले हप्ते तुम्ही भरा’. ऐकायला सोपे, रोख कमी लागते. पण कर्ज पहिल्याच्याच नावावर राहते. तुम्ही त्याच्या हाती दिलेला हप्ता बँकेत पोचला की नाही, कोणास ठाऊक! तुम्ही भरणे थांबवले तर पत त्याची बिघडते, म्हणजे यात दोघेही अडकतात. ‘विश्वास ठेवा’ असे कोणी म्हणाले की विश्वास पानिपतात गेला म्हणायची आपली जुनी सवय इथे तरी उपयोगी पडावी. दोघांनी मिळून बँकेत जावे, कर्ज एकरकमी मिटवायला किती लागतील ते लेखी घ्यावे, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेले पैसे एनओसी हाती आल्यावर मालकाला द्यावेत.

एनओसी मिळाली म्हणजे बोजा उतरला, असा समज सर्रास आढळतो. सोसायटीचा बेबाकी दाखला घरात ठेवून सातबारा कोरा होत नाही, तसेच हे आहे. बँकेच्या आणि मालकाच्या सह्यांचा फॉर्म नंबर 35 आरटीओत गेला पाहिजे. नाव बदलण्याचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म वेगळे. एनओसीवर बहुधा मुदत लिहिलेली असते, ती उलटली तर पुन्हा बँकेची पायरी चढावी लागते.

मराठवाड्यात आणखी एक गंमत होते. जुन्या आरसीवर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ असे नाव सापडते. कर्ज केव्हाच फिटलेले, पण नाव कोणी उतरवलेले नाही. ही बँक 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा एनओसी तिथे मागायची. हे काम विकणाऱ्याचे आहे, सौदा होण्याआधीचे.

आणि नवे आरसी कार्ड घरी आले की विम्याची पॉलिसीही काढून बघा. फायनान्स कंपनीचे नाव तिच्यावरही असते. ते तसेच राहिले, तर उद्या गाडीचा अपघात झाल्यावर भरपाईचा धनादेश आधी त्या नावाकडे बघतो.