चाकांतील हवेची देखरेख

शेतात पिकलेला माल बाजारात सुखरूप पोहोचेपर्यंत शेतकऱ्याचे काम संपत नाही. परंतु बियाणे, खत व पाणी यांचा हिशेब दक्षतेने ठेवणारे आमचे कित्येक बंधू ज्या चाकांवर हंगामाची कमाई लादतात, त्या चाकांत हवा किती आहे हे मात्र पाहत नाहीत. सोमाटणे हे गाव जुन्या मुंबई-पुणे मार्गावर असल्यामुळे मावळातील भात, भाजी व फुले वाहणाऱ्या गाड्यांची येथे नित्य वर्दळ असते. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरास मज्जाव असल्याने ट्रॉल्यांनाही हाच रस्ता धरावा लागतो. शिवाय २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असून, मोटारीवर उभारलेली फिरती घरे आपल्या शेतावर उतरवून घेण्याचा जोडधंदा कित्येकांच्या मनात घोळत आहे. या सर्व वाहनांना एकच नियम लागू असल्यामुळे त्याचे विवेचन येथे करण्याचे योजिले आहे.

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असते आणि भार आऱ्यांवर पडतो. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर प्रचारात आणल्यापासून हे गणित बदलले. आता भार वाहतो तो रबर नव्हे, तर आत कोंडलेली हवा. रबर व धागे हे त्या हवेचे केवळ पोते होय. हवा कमी पडली म्हणजे टायरच्या बाजवा प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतात व पुन्हा सरळ होतात. तार वारंवार वाकविली असता जशी तापते, तसाच टायरही आतून तापतो. आणि फार तापल्यावर रबर व धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काहीही न दिसता ही हानी होत राहते व एखाद्या दिवशी भरधाव वेगात टायर फुटतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाल्यानंतर तेथील अपघातांच्या कारणांत टायर फुटणे हे कारण वारंवार पुढे आले, ते याच कारणाने नवलाचे नाही. सलग वेग, उष्ण रस्ता व कमी हवा ही तिन्ही एकमेकांस पूरकच आहेत. हवा अतिशय जास्त भरणेही हितावह नाही. तसे केल्यास टायर मध्यभागीच झिजतो, रस्त्यावरील पकड घटते आणि खड्ड्याचा आघात त्यास सोसत नाही.

टायरवर लाथ मारून किंवा पहारीने ठोकून हवेची परीक्षा करण्याची चाल सर्वत्र आहे. या उपायाने अगदी बसलेले चाक कळते. परंतु पाचवा हिस्सा हवा गेलेली कळत नाही. मागे जोडचाके असल्यास आतील चाकाची हवा गेली तरी बाहेरील चाक गाडी उचलून धरते व दुप्पट भाराने स्वतः तापते. याकरिता हवा मोजण्याचे मीटर प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावे. चांगल्या टायरमधूनही दरमहा एकदोन पौंड हवा झिरपते. सबब पंक्चर नाही म्हणून हवाही पुरेशी आहे, असे समजू नये.

हवा मोजावयाची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हिवाळ्यातील पहाटे १५ अंश उष्णमान असता टायरमध्ये ५० पौंड हवा भरली आणि प्रवासात टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर मीटर सुमारे ६० पौंड दाखवील. हवा वाढली असे समजून चालकाने वरचे १० पौंड सोडून दिले, तर दुसऱ्या पहाटे त्याच टायरमध्ये सुमारे ४१ पौंडच उरतील. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये, हा नियम त्यावरून निघतो. घाटाच्या चढउताराने पडणारा फरक मात्र क्षुल्लक आहे. खोपोलीहून लोणावळ्यास चढून आल्यावर मीटर जेमतेम एक पौंड अधिक दाखवील.

आता किती हवा भरावी हा प्रश्न. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वांत मोठा आकडा हे त्या टायरच्या सहनशक्तीचे माप आहे; आपल्या गाडीस योग्य असा आकडा गाडीच्या दारालगतच्या पट्टीवर अथवा पुस्तिकेत असतो. फिरत्या घराबाबत अधिक सावध राहावे लागते. पाण्याची टाकी, गॅसची टाकी, अंथरुणे व भांडी यांचे ओझे कायमचेच असते आणि बहुधा एका बाजूस किंवा मागे अधिक असते. अशी गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावी, पुढील व मागील आसांचे वजन निरनिराळे घ्यावे आणि टायर बनविणाऱ्याच्या तक्त्यावरून त्या भारास लागणारी हवा ठरवावी. ऊन लागत महिनोन्महिने एके जागी उभ्या राहणाऱ्या अशा गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही जुने होतात. टायरवरील चार अंकांवरून त्याचे वय समजते. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी निराळी आहे. शेतात मागील चाकांत हवा कमी ठेवल्यास चाक जमिनीवर पसरते, पकड वाढते व जमीन कमी दडपते. भातखाचरांत हा लाभ मोठा आहे. तथापि त्याच हवेवर भरलेली ट्रॉली ओढीत महामार्गावर येणे घातक होय. पुस्तिकेत शेतकामाचा व रस्त्याचा आकडा स्वतंत्र दिलेला असल्यास त्याप्रमाणे बदल करावा. ट्रॉलीच्या चाकांकडे विशेष लक्ष द्यावे. तिचे चाक बसू लागले तरी पुढे बसलेल्या चालकास त्याचा पत्ता लागत नाही.

ही उणीव भरून काढणारी साधने आता मिळतात. अमेरिकेत टायर फुटून बहुत माणसे दगावल्यानंतर २००० साली कायदा झाला आणि पुढे नव्या हलक्या मोटारींस हवेची सूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले. त्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक चाकात किंवा व्हॉल्व्हच्या टोपीत लहानसे यंत्र असते व ते हवेचा दाब आणि उष्णमान बिनतारी संदेशाने चालकासमोरील पडद्यावर दाखविते. दुसऱ्या प्रकारात चाकांच्या गतीची तुलना केली जाते. हवा गेलेल्या चाकाचा घेर घटून ते अधिक वेगाने फिरते, त्यावरून दोष ओळखतात. परंतु चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर हा दुसरा प्रकार मुका राहण्याचा संभव असतो. मालाच्या गाडीस, ट्रॉलीस व फिरत्या घरास टोपीचे यंत्र सोयीचे पडते. मात्र त्याखाली धातूचा व्हॉल्व्ह असावा, कारण टोपीच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह हेलकावे खाऊन मुळाशी चिरतो. यंत्रातील घट संपल्यास तेही निरुपयोगी होते. म्हणून मीटरने पडताळा घेणे सोडू नये.

चालत्या गाडीत धोक्याची सूचना मिळाल्यास अथवा टायर फुटल्यास एकदम ब्रेक दाबू नये. सुकाणू घट्ट धरावे, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मग गाडी रस्त्याच्या कडेस घ्यावी. हवा नसता बरेच अंतर पळालेला टायर तेथल्या तेथे पुन्हा फुगवू नये. त्याची आतील बांधणी तुटलेली असते व हवा भरताना तो बाजूने फुटून समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. कोणताही मोठा टायर भरताना त्याच्या समोर न बसता बाजूस उभे राहावे.

आठवड्यातून एकदा पहाटे, गाडी हलविण्यापूर्वी, सुट्या चाकासह सर्व चाके मोजावी व आकडे वहीत टिपून ठेवावे. एकाच चाकाचा आकडा वारंवार उतरत असल्यास व्हॉल्व्ह किंवा बारीक खिळा शोधावा. या कामास पाव तास पुरतो आणि मीटरास खर्चही अल्प येतो. ट्रॉलीवर मालाबरोबर मजूर बसतात आणि फिरत्या घरात कुटुंबे निजतात, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे हा पाव तास कोणाही विचारी शेतकऱ्यास जड वाटणार नाही, असा आमचा भरवसा आहे.