गोळी न झाडणारं विमान

अंकात जुन्या खेळण्यांवर एक विभाग करतोय, विसरलेलं काहीतरी द्या, असं संपादक म्हणाले. मी मॅटेल कंपनीचं 'पॉवरजेट एक्सटी-7' निवडलं. 1987 सालचं हे अमेरिकी खेळणं. विमान कसलं, खाली मूठ आणि चाप बसवलेली बंदूकच ती! फरक इतकाच, की ही बंदूक टीव्हीशी लढायची.

टीव्हीवरची मालिका होती 'कॅप्टन पॉवर अँड द सोल्जर्स ऑफ द फ्यूचर'. गॅरी गोडार्ड आणि टोनी ख्रिस्तोफर यांच्या डोक्यातून निघालेली, कॅनडात टोरांटोला चित्रित झालेली, आणि 22 भागांत आटोपलेली. कथेतलं साल 2147. माणूस यंत्रांशी युद्ध हरलाय आणि लॉर्ड ड्रेडचं सैन्य उरल्यासुरल्यांच्या मागावर आहे. सोरॉन आणि ब्लास्टार हे त्याचे दोन हस्तक संपूर्ण संगणकावर घडवलेले. त्या काळच्या मालिकेसाठी ही चैनच होती.

माझा जीव मात्र त्या विमानात अडकला. चाप ओढला की आवाज होतो आणि मुलाला वाटतं, आपण पडद्यावरच्या शत्रूला टिपलं. टीव्हीला त्याचा पत्ताही नसतो. प्रत्यक्षात सगळा व्यवहार उलट्या दिशेने चालतो. शत्रूसैनिकांच्या छातीवर, त्यांच्या विमानांवर, तोफांच्या तोंडाशी ठरावीक लयीत लुकलुकणारा प्रकाश चित्रातच मिसळून दिलेला असतो आणि विमानातला सेन्सर तो वाचतो. 'लक्ष्य' सांगणारी लुकलुक समोर असताना चाप ओढला, तर गुण वाढतो. 'मारा' सांगणारी लुकलुक विमानावर पडली, तर गुण जातो. गुण संपले की वैमानिकाची बैठक फटकन उडून बाहेर. ना तार, ना अँटेना. संकेत चित्रातच असल्यामुळे व्हिडिओ कॅसेटवरही खेळ चालायचा. मॅटेलने सरावासाठी वेगळ्या कॅसेट्सही विकल्या. ज्याने हे सुचवलं त्याला माझा सलाम.

पण हा लुकलुकाट पटकथेलाही पाळावा लागायचा. दर भागात विमान उडवत नेमबाजी करायला जागा हवीच. लेखकांच्या मनात वेगळंच होतं. पटकथा विभागात जे. मायकल स्ट्राझिन्स्की आणि लॅरी डिटिलिओ होते. हे दोघे पुढे 'बॅबिलॉन 5'वर पुन्हा एकत्र आले. त्यांनी खेळण्याच्या जाहिरातीत चक्क शोकांतिका घुसवली. जेनिफर चेस, टोपणनाव पायलट, ही ड्रेडच्या युवा दलात वाढून नंतर माणसांच्या बाजूला आलेली. शेवटच्या भागात ब्लास्टार तळात शिरतो आणि ती स्वतःसकट तळ उडवून देते. घरी बसलेल्या मुलाने कितीही अचूक नेम धरला, तरी ती मरायची ती मरतेच. या खेळण्याची खरी हद्द मला तिथे दिसली: मुलाचे गुण वाढतात, कथा तसूभरही हलत नाही.

अमेरिकेत पालकांच्या संघटना आधीपासूनच खवळल्या होत्या. 1984 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांवरची जाहिरातींची बंधनं सैल केली आणि खेळण्यांवर बेतलेल्या मालिकांचा पूर आला. पण इतर मालिका निदान खेळणं नसतानाही पूर्ण बघता यायच्या. इथे ज्याच्या घरी विमान नाही, त्याच्या वाट्याला नुसता लुकलुकाट. वर टीव्हीवर बंदूक रोखायला शिकवणं. मोठ्यांना ही मालिका खेळण्यातली वाटली, लहानांना जड गेली, आणि दुसरं पर्व निघालंच नाही. दोन डगरींवर पाय ठेवल्याचं हे फळ, असं माझं मत.

1990 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांत जाहिरातींना मर्यादा घातली: तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा. पुढच्या वर्षी आयोगाने ठरवलं, की खेळण्यावर बेतलेली मालिका जाहिरात ठरेल ती त्याच खेळण्याची जाहिरात त्या मालिकेच्या मध्ये दाखवली तरच. चित्रातच मुरवलेल्या लुकलुकाटाला त्या व्याख्येत कुठेही जागा नव्हती.