हौशी सौरचित्रण (स्पेक्ट्रोहेलिओग्राफ)

स्पेक्ट्रोहेलिओग्राफ हे सूर्याचे एकाच तरंगलांबीच्या प्रकाशात चित्र घेणारे उपकरण आहे. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल व फ्रान्समध्ये आंरी देलांद्र यांनी ते स्वतंत्रपणे विकसित केले. भारतात कोडाईकनाल वेधशाळेने या पद्धतीने दीर्घकाळ सूर्याची छायाचित्रे घेतली.

हौशी खगोलनिरीक्षक हे उपकरण घरी बनवून लहान दुर्बिणीला जोडतात. दुर्बिणीने पाडलेल्या सूर्यप्रतिमेचा अरुंद काप सूक्ष्म फटीतून आत येतो व विवर्तन जालिकेमुळे त्याचा वर्णपट तयार होतो. दुर्बीण स्थिर ठेवल्यास पृथ्वीच्या परिवलनामुळे संपूर्ण सूर्यबिंब २ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात फटीवरून सरकते. या काळातील चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीतून ६५६.३ नॅनोमीटरवरील हायड्रोजन-अल्फा रेषेचा स्तंभ निवडून संगणकावर क्रमाने जुळवला जातो. त्यातून वर्णगोलाचे चित्र उमटते व बिंबाच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालाही दिसतात. त्यासाठी महागडे हायड्रोजन-अल्फा फिल्टर लागत नाही; शिवाय त्याच चित्रफितीतून लगतच्या तरंगलांबींची चित्रेही मिळवता येतात.

हे उपकरण केवळ कॅमेऱ्यासाठी असते. सुरक्षित सौर फिल्टरशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून शोधक दुर्बीण काढून किंवा झाकून ठेवणे आवश्यक असते.