जाँ रुस्तँ

जाँ रुस्तँ (३ मार्च १९२८ – २४ डिसेंबर २०१३) हे फ्रेंच चित्रकार होते. उघड्या भिंतींच्या खोलीत बसलेल्या किंवा उभ्या असलेल्या, बहुधा वयस्क आणि विवस्त्र स्त्री-पुरुषांच्या चित्रांसाठी ते ओळखले जातात. मानवी देहाच्या चित्रणाच्या संदर्भात त्यांची तुलना फ्रान्सिस बेकन व लुशियन फ्रॉइड यांच्याशी केली जाते. कीर्ती मात्र त्या मानाने त्यांच्या वाट्याला फारच कमी आली.

अमूर्ताकडून देहाकडे

रुस्तँ यांचा जन्म लॉरेन प्रांतात, मेत्स शहरालगतच्या माँतिन्यी-ले-मेत्स येथे झाला. १९४७ साली ते पॅरिसला आले आणि एकोल दे बोझार या कलाशाळेत शिकले. त्यानंतर बराच काळ त्यांनी अमूर्त चित्रे काढली. १९७१ मध्ये पॅरिस नगराच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले. असा मान मिळालेला चित्रकार सहसा त्याच वाटेने पुढे जातो. रुस्तँ यांना मात्र आपली चित्रे एकत्र पाहताना ती केवळ शोभिवंत वाटू लागली. ४३ व्या वर्षी त्यांनी अमूर्त शैलीचा त्याग केला आणि मनुष्याकृतीकडे वळले. मिळवलेला प्रेक्षक गमावण्याची जोखीम त्यात उघड होती.

चित्रांचे स्वरूप

त्यांच्या चित्रांतील खोलीत जवळजवळ काहीच नसते. एखादी खुर्ची, लोखंडी खाट, दार, भिंतीवरचे विजेचे बटण वा लोंबणारी वायर, एवढेच. ॲक्रिलिक रंगांत रंगवलेली करडी, निळसर, फिकट गुलाबी त्वचा भिंतीच्या रंगाशी इतकी मिळतीजुळती असते की देह तिथूनच उमटल्यासारखा भासतो. पोट सुटलेले, खांदे पडलेले, हात निरुपयोगी होऊन मांडीवर टेकलेले. काही आकृती अंगावरचा सदरा वर उचलून आपली गुप्तांगे दाखवतात. तरीही ही चित्रे कामोद्दीपक नाहीत. पाहणाऱ्याची नजर देहावरून निघून शेवटी चेहऱ्यावर थांबते. तेथे दोन डोळे थेट त्याच्याकडेच पाहत असतात. आपण पाहत आहोत की आपल्याला पाहिले जात आहे, हा संभ्रम या चित्रांच्या केंद्रस्थानी आहे.

फ्रॉइड प्रत्यक्ष व्यक्तीला समोर बसवून तासन्‌तास काम करीत. रुस्तँ प्रत्यक्ष नमुन्याशिवाय, कल्पनेतून रंगवीत. त्यामुळे ही रूढ अर्थाने व्यक्तिचित्रे नव्हेत, जरी ती तशी भासत असली तरी. फ्रेंच चित्रकार थिओदोर जेरिको यांनी १८२० च्या दशकात मनोरुग्णांची चित्रे काढली होती. रुस्तँ यांच्या आकृतीही वेड्यांच्या इस्पितळातील रहिवासी असाव्यात, असे पुष्कळांना वाटते. परंतु जेरिकोंच्या चित्रांमागे खरे रुग्ण होते, येथे तसे कोणी नाही.

स्वागत व आक्षेप

ही चित्रे क्रूर आहेत, वार्धक्याची विटंबना करणारी आहेत, असा आक्षेप घेतला गेला. स्वतः रुस्तँ यांच्या मते नग्न देहाच्या या ओढीमागे वीस शतकांची चित्रपरंपरा होती, विशेषतः मृत ख्रिस्त व छळ झालेले हुतात्मे रंगवणारी धार्मिक चित्रकला. हे ध्यानी घेतले तर आक्षेपाची धार बरीच बोथट होते. त्या परंपरेत जखमी देह पूजनीय ठरत असे. रुस्तँ यांच्या देहांना मात्र कोणतेही तेजोवलय नाही, पुनरुत्थानाचे आश्वासनही नाही. त्यांची चित्रे दिवाणखान्यात लावणे अवघड असते, हे त्यांच्या मर्यादित लोकप्रियतेचे एक साधे कारण म्हणता येईल.

कलासमीक्षक एडवर्ड लुसी-स्मिथ यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बेल्जियममधील अँटवर्प येथे त्यांच्या नावाचे प्रतिष्ठानही स्थापन झाले.